अकरा वेळा

"जिथे तिथे चोर दिसतात गं तुला! नवी किल्ली संध्याकाळी टाकतो," फोनवर नवरा हसला.

व्हीपीएनमध्ये, म्हणजे परदेशातून घरच्या नेटशी जोडणाऱ्या खासगी वाटेत, त्रुटी सापडल्याचं वाचून तिने त्याच्या मोबाइलमधली जुनी डिजिटल किल्ली तत्काळ रद्द करून नवी पाठवली होती. तो आखातात कामाला होता; तिथल्या बंदीमुळे साधा व्हिडिओ कॉल लागत नसे. तिने घरच्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधूनच लेकीला बाबा दिसायचे.

त्याच दिवशी दुपारी त्याच्या सोबत्याचा फोन आला. "वहिनी, साइटवरच छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पोरीला बघायचं म्हणून मोबाइलशी झटत होता. गेला हो..."

तेराव्यानंतर तिने कॉम्प्युटरवरच्या नोंदी उघडल्या. त्या दुपारी त्याने जुनी किल्ली अकरा वेळा लावून पाहिली होती. अकराही वेळा दार उघडलं नव्हतं.

"काय झालं गं?" सासूने विचारलं.

"काही नाही, आई. सगळं सुरक्षित आहे."