दार उघडं ठेव

"कडी न लावताच निघालात?" शेजारीण गॅलरीतून ओरडली. "चोरांना निमंत्रणपत्रिका वाटल्यात की काय, वहिनी?"

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय," असं म्हणून ती जिना उतरली. दार मागे उघडंच राहिलं. किल्ली मात्र मुठीत होती.

खाली नवरा स्कूटर पुसत होता. पुसून पुसून तिचा रंग जायची वेळ आली होती, पण घरात बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा ते बरं.

"आजही जातेस?" त्याने मान वर न करता विचारलं.

"जाते. तेवढंच बोलणं होतं."

"तिथे बोलायचं आणि घरी तोंडाला कुलूप."

कुलूप काय एकाच्याच तोंडाला होतं? मुलगा गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. ती रडलीही नव्हती. लोक म्हणायचे, काय धीराची बाई! धीर कसला डोंबलाचा, आतली मोरीच तुंबली होती. एक वाक्य घशात अडकलं होतं. ते कुणाला तरी सांगितलं नाही, तर एक दिवस आपण गुदमरून मरू, याची तिला खात्री होती.

म्हणून तर ती समुपदेशन केंद्रात जायला लागली. तिथे बोलायला माणसं हवी असतात, असं ओळखीच्या नर्सने सांगितलं, तेव्हा तिला वाटलं होतं, चला, बोलता बोलता ते वाक्यही बाहेर पडेल. कुठलं काय!

केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर चार-पाच जण बसले होते. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एक मुलगी नखं कुरतडत होती, एक जण डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. तिला त्यांची नेहमीच दया यायची.

केंद्राच्या मोठ्या बाई समोरून आल्या. "आलात ताई? पाणी वगैरे प्या. मोकळेपणाने बोला हं, नेहमीसारखं."

खोली नेहमीचीच होती. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, भिंतीवर लांबलचक आरसा. आरशाकडे पाठ करून ती बसली. घंटा वाजली आणि आत आली ती मघाची नखं कुरतडणारी मुलगी. पांढरा कोट इतका नवा की बाहीवरची घडीसुद्धा मोडली नव्हती. अगं बाई, ही मला बरं करणार? हिलाच आधी कुणीतरी पाठीवर हात फिरवायला हवा!

"काकू, काय झालंय?"

"मुलगा परदेशी असतो," ती म्हणाली. "फोन करत नाही. झोप लागत नाही मला."

हे तिला तोंडपाठ होतं. आधीच्या सगळ्यांनी यावर विचारलं होतं, राग येतो का? मग 'वाईट वाटणं स्वाभाविक आहे' म्हणून मान डोलवली होती, दुकानातल्या स्प्रिंगच्या बाहुलीसारखी.

ही नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, बातम्या वाचल्यासारखं सांगताय तुम्ही. पण मूठ बघा तुमची. बोटं पांढरी पडलीत."

तिने खाली पाहिलं. खरंच की.

"काय आहे मुठीत?"

"किल्ली."

"घराची?"

"त्याची. विसरून गेला."

"शेवटच्या फोनवर काय म्हणाला तो?"

हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. याचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तळाशी होतं, गाळात.

"म्हणाला, आई, दार उघडं ठेव, किल्ली विसरलोय." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तिसऱ्यांदा विसरला होता. मी म्हटलं, ठोंब्या, बस आता बाहेरच. त्याशिवाय अक्कल यायची नाही तुला."

"मग?"

"मी आतून कडी घातली. मुद्दाम. म्हटलं, येऊ दे, वाजवू दे, जरा रडकुंडीला येऊ दे. आणि वाट बघत बसले." तिने किल्ली टेबलावर ठेवली. "तो वाजवायला आलाच नाही. कोपऱ्यावरच्या वळणावर ट्रक... मेला गं माझा ठोंब्या. परदेशी कुठला, मेला तो. आणि मी कडी घालून बसले होते."

आणि मग मोरीचा बोळा निघाला. ती रडली ती टेबलावर डोकं ठेवून, नाक वाहेपर्यंत, लहान पोरासारखी. मुलगी आधी बावरली. मग खुर्ची सरकवून आली आणि तिने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कितीतरी काळाने कुणीतरी तिला धरलं होतं. आज घरी गेल्यावर नवऱ्यालाही सांगता येईल, असं तिला वाटलं. खरंच वाटलं.

घंटा वाजली. मुलगी दचकली, आरशाकडे बघून पांढरीफटक पडली आणि डोळे पुसत बाहेर गेली.

बाजूचं दार उघडून मोठ्या बाई टाळ्या वाजवतच आत आल्या.

"ताई, काय अभिनय केलात हो! आरशामागे आमच्या सगळ्या परीक्षकांच्या अंगावर काटा आला. पण आम्ही तुम्हाला पात्र दिलंय परदेशी गेलेल्या मुलाच्या आईचं, आणि तुम्ही त्याला मारूनच टाकलंत! त्या पोरीचा उगाच गोंधळ उडाला. पेशंटचे हात धरून रडत बसली, आता नापास करावं लागणार तिला." त्यांनी टेबलावरची किल्ली उचलून तिच्या हातात दिली. "चला, तोंड धुऊन घ्या, पुढचा परीक्षार्थी बाहेर थांबलाय. आणि या वेळी मुलाला जिवंतच ठेवा हं."