शनीचे चंद्र
राज्यस्तरीय प्रश्नमंजुषेचा निकाल लागला, चषकही दिला गेला. सामान आवरताना संयोजक सरांच्या हाती निर्णायक प्रश्नाचं कार्ड आलं: शनीला चंद्र किती? याच प्रश्नावर एका मुलीचं उत्तर त्यांनी चूक ठरवलं होतं. त्यांनी कोपऱ्यातली तारीख वाचली. कार्ड तीन वर्षांपूर्वीचं. त्यानंतर आणखी कितीतरी चंद्र सापडले होते. "जाऊ द्या सर, झाकली मूठ सव्वा लाखाची," गुण मांडणाऱ्या बाई पुटपुटल्या. सर धावतच सुटले. हरलेल्या शाळेची बस निघायच्या बेतात होती. खिडकीपाशी ती मुलगी वहीतलं आपलं उत्तर खोडून तिथे कार्डावरचं लिहीत होती. "सर, आता नाही विसरणार," ती डोळे पुसत म्हणाली. धापा टाकत सरांनी तिचं पेन मागितलं. "तुझं बरोबर होतं, बाळा. चल आत, हे कार्ड सगळ्यांसमोर खोडायचंय."