सात नंबरचं भिंग

"सर, पडद्यावर काहीच येत नाही," सात नंबरच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, आणि कपाटापाशी उभ्या असलेल्या मामांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

प्रयोगशाळेच्या शिपायाला सगळे मामाच म्हणत. एकतीस वर्षांची नोकरी, सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, आणि निवृत्तीला उरलेले अकरा दिवस. प्रयोग तसा साधा. भिंग खिडकीसमोर ठेवायचं, मागे पडदा पुढंमागं सरकवायचा, आणि बाहेरच्या पाण्याच्या टाकीचं उलटं चित्र स्वच्छ उमटलं की भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजायचं; तेच भिंगाचं नाभीय अंतर. पण सात नंबरला चित्र उमटणार कुठून? तिथं भिंगच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आदल्या दिवशी पुसता पुसता ते मामांच्या हातून निसटून फुटलं. मामांची गाळण उडाली. त्यांनी काचवाल्याकडून खिडकीच्या काचेची गोल चकती कापून आणली आणि कड्यात बसवून टाकली. पहिल्या पोरानं तक्रार केली की सरळ कबूल करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पहिल्या पोरानं लिहिलं, वीस सेंटिमीटर.

दुसऱ्यानंही वीसच लिहिलं. सात नंबरला वीस येतं, हे वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाला तोंडी पोचत होतं. सर नेहमी सांगत, "तीनदा मोजलं तर थोडा फरक पडायलाच हवा. माणसाच्या डोळ्याला मर्यादा असते." म्हणून पोरं चवीपुरता फरक घालत. एकोणीस पूर्णांक नऊ दशांश, वीस, वीस पूर्णांक एक दशांश. खाली अनिश्चिततेच्या रकान्यात, अधिक-उणे एक मिलिमीटर. सर त्यावर 'उत्तम' लिहीत. दोन वर्षांत एकशे चाळीस पोरांनी खिडकीच्या काचेचं नाभीय अंतर काढून दाखवलं. मामांना आधी हायसं वाटलं, मग नवल वाटलं, आणि पुढं पुढं तर स्वतःचाच भरवसा वाटेना. एकदा सगळे गेल्यावर त्यांनी गुपचूप पडदा सरकवून पाहिलाही होता.

आज बाकीची पोरं पेपर देऊन निघून गेली होती. ही एकटी मागे राहिली होती.

"काही येत नाही म्हणजे?" बाहेरून आलेले परीक्षक खेकसले. सर त्यांच्या कानाशी लागले, "वीस येतं, साहेब. दोन वर्षांत एकशे चाळीस जणांना आलंय." परीक्षकांनी जाड चष्मा पुसला, पडदा थेट विसावर नेऊन थांबवला आणि कड्यातल्या काचेला जरासा अंगठा लावला.

"ही बघ टाकी. उलटी दिसतेय की नाही?"

मुलीनं वाकून पाहिलं. "सर, तो तुमच्या अंगठ्याचा डाग आहे."

सरांना एकदम खोकला आला. परीक्षकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"फार शहाणी आहेस. वीस लिही, खाली अनिश्चितता लिही आणि चालू लाग. नाहीतर शून्य देतो. वर्ष जाईल."

मुलीनं पेन उचललं. तिचा पेपर मामांना दिसत होता. 'चित्र मिळत नाही' एवढी एकच ओळ होती त्यावर. तिचे डोळे भरून आले होते, पण पेन काही कागदाला टेकत नव्हतं. मामांनी मनातल्या मनात अकरा दिवसांचा नाद सोडला.

"साहेब, पोरगी खरं बोलतेय. ती खिडकीची काच आहे. भिंग माझ्या हातून फुटलं. दोन वर्षं झाली त्याला."

सर भिंतीवरच्या तक्त्याकडे असे बघत राहिले, जणू तो आजच लावला होता. परीक्षकांनी चकती कड्यातून काढली, उजेडात धरली, तिच्यावरचा आपला अंगठा पाहिला. मग त्यांनी बोटं सैल सोडली. फरशीवर खळ्ळकन आवाज झाला.

"मामा, भिंग आत्ता फुटलं. माझ्या हातून. तसं लिहून आणा, मी सही करतो." त्यांनी मुलीचा पेपर ओढून घेतला आणि त्या एका ओळीपुढे पैकीच्या पैकी गुण दिले. "भिंग फुटल्यावर चित्र कसं मिळेल? बरोबर लिहिलंय हिनं. जा, पोरी."

मामा हात जोडून उभे राहिले. सरांची मात्र चुळबूळ चालली होती.

"पण साहेब, उद्या वरून कुणी विचारलं, भिंग आजवर धड होतं कशावरून, तर काय सांगायचं?"

परीक्षकांनी कपाटातल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"एकशे चाळीस जणांनी मोजलंय ते, सर. आणि मिलिमीटरपलीकडे एकाचंही चुकलेलं नाही."