मंजूर खडक

"हे खडक आहेत," सर्व्हेला आलेल्या सौरभने टॅबलेटवरच्या नकाशातल्या काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "खडकाळ, पडीक जागा. भराव टाकायला हरकत नाही."

सुगंधाने नकाशाकडे पाहिलं, मग समोरच्या तळ्याकडे. तिच्या अकरा म्हशी पाण्यात बसल्या होत्या, नाकं आणि काळ्या पाठी तेवढ्या वर. भर दुपारी गोरेगावच्या तबेल्यातली म्हैस दुसरीकडे कुठे असणार?

"खडक? खंय आसा खडक?" तिचा आवाज चढला. "फोटो कधी काढलास रे?"

"मागच्या महिन्यात, ड्रोनने. असाच दुपारचा. वरून पाठीच दिसल्या ना, मावशी. कॉम्प्युटरने त्या खडक म्हणून धरल्या."

"आणि तू? तुला आता काय दिसतंय?"

"म्हशी," तो पुटपुटला. "पण नकाशा मंजूर झालाय."

म्हणजे डोळ्यांना दिसतंय ते खोटं आणि मंजूर झालंय तेवढं खरं! सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जुना नकाशा असेल ना तुझ्याकडे? काढ."

त्याने काढला. इंग्रजांच्या काळच्या त्या नकाशात तळं निळं होतं, आणि भोवती गुरचरण.

"तो गोरा साहेब उन्हातून चालत आला, म्हणून त्याला पाणी दिसलं. तुझ्या पायांना काय झालं होतं? हे तळं बुजवलंत तर उन्हाळ्यात तडफडून मरतील रे माझी जनावरं."

सौरभने टॅबलेट बंद केला. मागे कच्च्या रस्त्यावर डेब्रिजने भरलेला पहिला डंपर येऊन थांबला होता. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.

सुगंधा पदर खोचून काठावर गेली. "चंद्रे, ये गो! चल, भायेर ये!"

पाणी हललं. आधी चंद्रीची शिंगं वर आली, मग तिच्यामागोमाग बाकीच्या उठल्या. चिखलाने निथळणाऱ्या अकराच्या अकरा म्हशी सुगंधाने हाकत नेल्या आणि रस्त्यावर आडव्या उभ्या केल्या. चंद्री तर डंपरच्या चाकापुढेच बसली आणि रवंथ करू लागली.

"साहेब, म्हशी हटवा ना!" ड्रायव्हर ओरडला.

"म्हशी कसल्या?" सुगंधा सौरभकडे वळली. "मंजूर खडक आहेत ते. उचल आता."