रबराचं झाकण

धाकट्या साडूने पिशवीतून नारिंगी रंगाचा स्पीकर काढला आणि आदबीने रेडिओवाल्यांच्या हातात ठेवला. "दादा, तुम्हीच तपासा. यातलं मला काय कळतंय."

सासरच्या गोतावळ्यात त्यांना सगळे रेडिओवालेच म्हणत. त्यांचं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तलावाकाठच्या या सहलीला गेली चौदा वर्षं गाणी वाजत ती त्यांनी स्वतः बांधलेल्या बॉक्सवर. प्लायवूडचा बॉक्स, दोन मोठे स्पीकर, वर स्कूटरची बॅटरी. उचलायला दोन माणसं लागत. आताही तो गाडीच्या डिकीत होता. बाहेर काढा असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

हा नवा पाण्याच्या बाटलीएवढा, पाण्यात बुडाला तरी चालणारा, आणि स्वस्त तर इतका की एका बॅटरीच्या किमतीत दोन आले असते. सासऱ्यांना बागेतल्या मित्रमंडळींसाठी असाच एक हवा होता. जावईबापू म्हणतील तसं करायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. रेडिओवाले हसले. पोटात मात्र दुखायला लागलं होतं.

त्यांनी आवाज पूर्ण वाढवून जाळीवर तळवा ठेवला. आत काही सैल असेल तर तळव्याला गुदगुल्या होतात. झाल्या नाहीत. मग तो दगडावर ठेवून ते पार गाड्यांपर्यंत चालत गेले. वारा चांगला सुटला होता, तरी गाण्याचा शब्द न् शब्द कळत होता. त्यांच्या बॉक्सचा आवाज भरदार होता, पण उघड्यावर शब्द इतके सुटे कधी आले नव्हते. हे बाकी कुणाला कळलं नसतं. त्यांना कळलं, म्हणून जास्त झोंबलं.

पाडून बघा, असं साडूच म्हणाला. रेडिओवाल्यांनी तो आधी कमरेइतक्या उंचीवरून पाडला, मग खांद्याइतक्या, आणि दुसऱ्यांदा जरा जोरच लावला. स्पीकर दगडावर आपटला, दोन कोलांट्या खाऊन गातच राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हणी म्हणाली की लग्नानंतर यांनी धड आणलेली ही पहिलीच वस्तू, आणि साडू लाजून हसला. आपल्या बॉक्ससाठी कुणी टाळी वाजवल्याचं रेडिओवाल्यांना आठवेना.

"आता पाण्यात बुडवा," सासरे म्हणाले.

रेडिओवाल्यांची बायको काठावरच्या दगडावर पाय पाण्यात सोडून बसली होती. अर्धा दिवस ती दुकानात त्यांच्याबरोबर सोल्डरिंग करायची. तिच्या शेजारीच ते उकिडवे बसले आणि स्पीकर आडवा धरला. तेव्हा त्यांना मागची बाजू दिसली. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण उघडं लोंबत होतं. साडूने गाडीत चार्ज केला असणार आणि लावायला विसरला असणार. एका बोटाने दाबलं असतं तर काम झालं असतं.

त्यांनी स्पीकर तसाच पाण्यात घातला.

गाणं बंद पडलं. साडूने घाबरू नका म्हणून सांगितलं. पाण्यातून फोनचा सिग्नल जात नाही, बाहेर काढला की परत लागेल, असं त्याने वाचलं होतं. बरोबरच होतं ते. पाण्याखाली निळा दिवा लुकलुकत होता. रेडिओवाले त्याच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने दिवा विझला, तरी त्यांनी हात लगेच वर घेतला नाही.

बाहेर काढल्यावर साडूने पुसला, फुंकला, बटण दाबून धरलं. काही झालं नाही.

"स्वस्तातला माल," रेडिओवाले म्हणाले. "हे असंच व्हायचं."

साडूने स्पीकर उलटा केला आणि कपाळावर हात मारला. "तुमचा काही दोष नाही, दादा. झाकण मीच लावायला विसरलो. उगाच तुमच्या हातून झालं असं वाटायला नको."

मग बॉक्सची आठवण झाली. साडू आणि सासरे दोघांनी तो डिकीतून उचलून आणला. आपले रेडिओवाले ते रेडिओवालेच, असं सासरे येताना चारदा म्हणाले. हे ऐकायला त्यांचे कान सकाळपासून आसुसले होते. आता मात्र ते बॅटरीच्या तारांतून मान वर काढेनात.

बायको पक्कड द्यायला वाकली. "झाकण उघडं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला बसल्या जागी दिसत होतं."

"माझं लक्ष नव्हतं."

"कुणाकडे जेवायला गेलो आणि पंखा कुरकुरला, तरी तुम्हाला घास जात नाही."

त्यांनी पक्कडीने तार आवळली. गाणं सुरू झालं. बॉक्स लागला की दरवर्षी ती चाळीस पावलं मोजत लांब जायची, वळायची, आणि आवाज नीट पोचला की हात वर करायची. मग ते आवाजाच्या बटणावरचं बोट काढायचे. बाकी कुणाच्या कानावर त्यांचा भरवसा नव्हता.

आजही ती गेली. चाळीस पावलांवर थांबून वळली. हात खालीच होता. त्यांनी बटण थोडं फिरवलं. मग आणखी थोडं. आवाज फाटायला लागला, मंडळी हसत हसत कानांवर हात ठेवून पुरे, पुरे म्हणू लागली. त्यांचं बोट बटणावरच होतं. ती तिथेच उभी होती, दोन्ही हात खाली सोडून, त्यांच्याकडे बघत.