अर्धी बादली

आजींच्या बाथरूमचं पाणी खालच्या वहिनींच्या छतातून गळायला लागलं, त्याला दोन वर्षं झाली. रोज चार वाजले की वहिनी तणतणत वर यायच्या. "आजी, आजपण अर्धी बादली भरली हो!" मग चहा व्हायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या आणि तासाभराने वहिनी हसत खाली जायच्या.

मुलगा फोनवर वैतागायचा, "आई, एकदाची दुरुस्ती करून घे ना!"

"बघू रे, गुडघे जरा बरे होऊ देत."

गळती थांबली तर आपली बेल वाजवायला येणार कोण, हे त्याला कसं सांगायचं?

शेवटी मुलाने परस्पर प्लंबर पाठवलाच. आजींनी जड मनाने त्याला बाथरूम दाखवलं. तो दारातच थबकला.

"हे होय? याचा पाइप तर मी गेल्या वर्षीच खालून बदललाय, आजी. खालच्या वहिनींनीच करून घेतलं. आता थेंबही गळत नाही."

चार वाजता बेल वाजली. "आजी, आज तर बादली काठोकाठ भरली हो!"



"पुढच्या महिन्यात नक्की बघते हं," म्हणत आजींनी दोन कप काढले.