वरची एक ओळ

मालकांनी पत्र उघडलंच नाही. उघडायची गरजच नव्हती. महिन्यापूर्वी ईमेलमध्ये नवी सोय आली होती. मारुतीच्या शेपटाएवढं पत्र असलं तरी वर एका ओळीत त्याचा सारांश हजर. आजपासून तर खाली तीन तयार उत्तरंही दिसायला लागली. नुसतं बोट टेकवायचं.

छापखान्याच्या या मालकांना नव्याची भारी हौस. पडद्यावर नवं बटण दिसलं की दाबून पाहिल्याशिवाय चैन पडायची नाही. एकाच फाइलमध्ये कोण कुठे टाइप करतंय ते रंगीत ठिपक्यांवरून कळतं, हे समजल्यावर ते सकाळभर ठिपकेच बघत बसले होते.

पत्र प्रुफं तपासणाऱ्या बाईंचं होतं. वरची ओळ म्हणत होती, ‘बाई येत आहेत.’ खाली तीन उत्तरं. ‘ठीक आहे.’ ‘नोंद घेतली.’ ‘वाट पाहतो.’ बाई रोजच येतात, त्यात कळवायचं काय, असं मालकांच्या मनात आलं. पण नवं बटण होतं. त्यांनी तिसरं दाबलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले तरी बाईंची खुर्ची रिकामी. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. टेबलावर लाल पेन नव्हतं, चष्म्याचं घर नव्हतं. मालकांनी पत्र उघडलं आणि महिन्याभरात पहिल्यांदाच पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

तो राजीनामा होता. ‘औषधाच्या माहितीपत्रकात “दिवसाआड एक गोळी” यातला “आड” गळलाय, हे मी तुम्हाला सविस्तर कळवलं होतं. तुम्ही वरची ओळ वाचलीत, “किरकोळ दुरुस्ती”. पत्रकं “दिवसा एक गोळी” अशीच छापली गेली आणि सगळी परत मागवावी लागली. कोणी वाचणारच नसेल, तर मी तपासून उपयोग काय?’ आणि शेवटी एकच शब्द. ‘येते.’

निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यंत्राला ते कोण सांगणार? मालकांनी फोनकडे हात नेला, तेवढ्यात दार वाजलं.

दारात बाई उभ्या होत्या. पर्स खांद्यावरच.

“वाट पाहतो म्हणालात, म्हणून आले. काय बोलायचं होतं?”

मुद्दामच थांबवून घेतलं असं भासवलं असतं तरी निभावलं असतं. पण मालकांना स्वतःचीच लाज वाटली.

“बाई, मी काल पत्र वाचलंच नव्हतं. यंत्राला वाटलं तुम्ही येताय, मीही तेच धरून बटण दाबलं. आत्ता वाचलं, सगळं. चुकलं आमचं. माझंही आणि त्या यंत्राचंही.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग पर्समधून लाल पेन काढून टेबलावर ठेवलं.

“तुमचं चुकलं, यंत्राचं नाही. एकोणीस वर्षं शब्द तपासतेय, साहेब. ‘जाते’ म्हणायचं असतं, तर ‘जाते’च लिहिलं असतं.”